पदक कोणाच्या गळ्यात?



लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक अमक्या शास्त्रज्ञाला जाहीर झाले, अशी चार ओळींची बातमी जानेवारीत कधीतरी वाचायला मिळते. आपण ते नाव सामान्यज्ञानाच्या वहीत उतरवून घेतो आणि पान उलटतो. हे नाव कोणी सुचवले, आणखी कोणती नावे पुढे होती, शेवटी कोणी आणि कसे ठरवले, हे प्रश्न कोणी विचारत नाही. शंभर मीटरच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते. विज्ञानाच्या पदकाला असे घड्याळ नाही. तेथे माणसे निकाल देतात, आणि माणसे आली की त्यांच्या ओळखीपाळखी, आवडीनिवडी, कधी आळस, कधी भीड हे सारे आलेच.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पदकाचा निम्म्याहून अधिक निकाल समितीची बैठक भरण्यापूर्वीच लागलेला असतो. नाव कोणी सुचवलेच नाही, तर समितीत बृहस्पती बसवले तरी त्यांना ते दिसणार नाही. म्हणून पदके अधिक न्यायाने दिली जावीत असे वाटत असेल, तर परीक्षकांवर टीका करण्यापेक्षा नावे सुचवण्याच्या रीतीकडे पाहिले पाहिजे. हे मी भूभौतिकीच्या, म्हणजे पृथ्वीचे पोट, तिचे चुंबकत्व, तिचे आकारमान यांचा भौतिकशास्त्राच्या साधनांनी अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या उदाहरणांवरून सांगणार आहे.

तुम्ही विचाराल, ताऱ्यांचा अभ्यास करणारी संस्था पृथ्वीच्या अभ्यासाला पदक का देते? कारण सरळ आहे. पृथ्वीही एक ग्रहच आहे, आणि तिचा आकार मोजायचा तर ताऱ्यांकडेच पाहावे लागत असे. ही संस्था १८२० साली स्थापन झाली व तिचे पहिले सुवर्णपदक १८२४ साली दिले गेले. १९६४ पासून मात्र दर वर्षी दोन पदके देण्याची पद्धत पडली, एक खगोलशास्त्रासाठी आणि एक भूभौतिकीसाठी. त्या वर्षी रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांच्याबरोबर सागरतळाचे संशोधक मॉरिस युइंग यांना पदक मिळाले. १९६८ साली खगोलाचे पदक फ्रेड हॉइल यांना, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांच्या गुरूंना, आणि भूभौतिकीचे पदक समुद्राच्या लाटा व भरती-ओहोटीचे अभ्यासक वॉल्टर मंक यांना मिळाले.

निवडीची पद्धत बहुतेक संस्थांत साधारण सारखीच असते. प्रथम नावे मागवतात. ज्याला एखादे नाव सुचवायचे आहे त्याने एक प्रस्तावपत्र लिहायचे, त्याला उमेदवाराची माहिती व निवडक शोधनिबंधांची यादी जोडायची, आणि त्या विषयातील आणखी दोन-तीन जाणकारांची पाठिंब्याची पत्रे मिळवायची. हा कागदांचा जुडगा निवड समितीकडे जातो. सदस्य तो वाचतात, आपापला क्रम लावतात, चर्चा करतात, आणि एक नाव कार्यकारी मंडळापुढे ठेवतात. उमेदवार समितीतील कोणाचा विद्यार्थी, सहकारी किंवा नातलग असेल तर त्या सदस्याने बाजूला व्हावे असा संकेत आहे.

आता नीट विचार करा. समितीच्या टेबलावर काय असते? उमेदवाराचे यंत्र नसते, त्याने जागून काढलेल्या रात्री नसतात, त्याच्या वह्या नसतात. टेबलावर असतात पत्रे. ज्याचे चाहते चांगले लिहितात, मोठ्या विद्यापीठात बसून लिहितात आणि वेळेवर लिहितात, त्याचे पारडे जड होते. मी याला लबाडी म्हणत नाही, पण हे तराजू कशाचे वजन करते ते आपल्याला ठाऊक असावे.

या संस्थेच्या इतिहासातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाल यांना नेपच्यून सापडला. तो कोठे शोधायचा हे फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी गणिताने सांगितले होते. लगेच इंग्लंडमध्ये आवाज उठला की आमच्या ॲडम्सनेही हेच गणित केले होते, फक्त ते छापले गेले नव्हते. पुढच्या वर्षीचे सुवर्णपदक कोणाला द्यायचे? ल व्हेरिए यांचे नाव पुढे आले. पण पदकाला साधे बहुमत पुरत नव्हते, तीन-चतुर्थांश मते लागत. तेवढी काही जमेनात. ॲडम्सच्या बाजूचे लोक अडून बसले. शेवटी त्या वर्षी पदक कोणालाच दिले गेले नाही! शतकातला एक मोठा शोध लागला होता आणि पदक पेटीतच राहिले. १८४८ साली संस्थेने तोड काढली: पदकाऐवजी एकदम बारा जणांना मानपत्रे दिली. त्यांत ल व्हेरिए आणि ॲडम्स दोघेही होते. खरे सुवर्णपदक ॲडम्स यांना १८६६ साली आणि ल व्हेरिए यांना १८६८ साली मिळाले.

या प्रसंगाला पुष्कळ लोक हसतात. मला मात्र तो नियम वाईट वाटत नाही. एका मताने इकडचे तिकडे होणारे पदक हे पदक कसले? एकमत होत नसेल तर थांबावे, एक वर्ष मोकळे जाऊ द्यावे. हल्ली दर वर्षी पदक दिलेच पाहिजे अशी सर्वत्र घाई असते, जणू शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षिसे उरता कामा नयेत! १८४७ ची चूक पदक न देण्यात नव्हती. ‘आमचा’ आणि ‘त्यांचा’ असा हिशेब आला, तेथे ती होती.

त्या बारा जणांच्या यादीतले आणखी एक नाव पाहा: जॉर्ज एव्हरेस्ट. हो, ज्यांचे नाव पुढे शिखराला दिले गेले तेच. त्यांना मानपत्र मिळाले ते भारतातील रेखावृत्ताच्या कंसाच्या मोजणीसाठी. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत त्रिकोणामागून त्रिकोण रचत सुमारे २,४०० किलोमीटरांची ही मोजणी झाली. ती १८०२ साली मद्रासजवळ सुरू केली विल्यम लॅम्ब्टन यांनी. काम करता करताच १८२३ साली ते आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. एव्हरेस्ट यांनी ते काम पुरे केले. या मोजणीत एक लहानशी विसंगती निघाली. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील अंतर त्रिकोणांनी मोजले तर एक येई आणि ताऱ्यांवरून मोजले तर दुसरे. फरक सुमारे पाच सेकंदांचा, म्हणजे एका अंशाच्या सातशेव्या भागाएवढा. कलकत्त्याचे धर्मगुरू प्रॅट यांनी गणित केले की हिमालयाच्या ओढीने ओळंबा कलला असणार. पण गणित करता फरक तिप्पट यायला हवा होता! हिमालय दिसतो तेवढा ‘वजनदार’ नाही की काय? १८५५ साली एअरी यांनी सुचवले की पर्वतांना खाली हलक्या खडकांची मुळे असतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्याप्रमाणे ते तोलून धरलेले असतात. भूभौतिकीतील एक पायाभूत कल्पना या पाच सेकंदांतून निघाली.

आता माझा प्रश्न. या मोजणीतली डोंगराएवढी आकडेमोड कोणी केली? तिच्यासाठी गणिती नेमलेले होते, आणि त्यांतील एक होते राधानाथ सिकदार. १८३१ साली ते या खात्यात लागले. पंधराव्या क्रमांकाच्या शिखराच्या उंचीच्या गणिताशी पुढे त्यांचेच नाव जोडले जाते. बारा मानपत्रांत त्यांचे नाव नाही. कोणी आकसाने वगळले असे मी म्हणणार नाही. लंडनच्या त्या खोलीत त्यांचे नाव उच्चारणारा कोणी असण्याची शक्यता किती होती, तेवढे फक्त मनाशी ठरवा.

अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकन जिओफिजिकल युनियन या संस्थेचे विल्यम बोवी पदक आहे. ते १९३९ साली सुरू झाले आणि पहिले पदक खुद्द विल्यम बोवी यांनाच दिले गेले. हसू नका, ते संस्थेचे पहिले अध्यक्ष होते आणि माणूस योग्य होता. मला या पदकातली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. मूलभूत संशोधनाबरोबरच संशोधनातील निःस्वार्थ सहकार्य ही या पदकाची अट आहे. भूकंपाच्या लाटा देशांच्या सीमा पाळत नाहीत. एका देशाच्या यंत्रावरची नोंद दुसऱ्याला द्यावीच लागते. जो आपल्या नोंदी कपाटात कुलूप लावून ठेवतो त्याला कितीही मोठा शोध लागो, हे पदक मिळू नये. फार थोड्या पदकांना अशी अट असते.

हे पदक मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे डेन्मार्कच्या इंगे लेमन. त्यांची हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९२९ च्या जून महिन्यात न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला. पृथ्वीचा गाभा द्रवरूप आहे हे तेव्हा मानले गेले होते. द्रव गाभ्यामुळे भूकंपाच्या लाटा वाकतात आणि पृथ्वीच्या पाठीवरच्या एका पट्ट्यात त्या पोहोचूच नयेत अशी ‘सावली’ पडते. पण त्या सावलीतल्या ठाण्यांवरही क्षीण लाटा नोंदल्या गेल्या होत्या. इतरांनी त्यांचे काही ना काही स्पष्टीकरण देऊन विषय बाजूला ठेवला. लेमन यांनी नोंदी एकेक करून तपासल्या. संगणक नव्हता. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर भूकंपांची माहिती लिहून ते ओटच्या पिठाच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवीत. १९३६ साली त्यांनी निष्कर्ष छापला की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा असला पाहिजे, त्यावरून लाटा परततात. त्या निबंधाचे शीर्षक म्हणजे एक अक्षर आणि त्याच्या डोक्यावर एक लहानशी रेघ, बस. आज तो आतला गाभा घन असून त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे असे मानतात.

बोवी पदक त्यांना मिळाले १९७१ साली. शोधानंतर ३५ वर्षांनी, वयाची ऐंशी उलटल्यावर. त्याआधी त्यांना काहीच मानसन्मान मिळाले नव्हते असे नाही; १९६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सभासद करून घेतले होते. तरीही १९३६ ते १९७१ हे अंतर डोळ्यांत भरते. त्या एका छोट्या देशाच्या सर्वेक्षण संस्थेत काम करीत होत्या. त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांची फौज नव्हती, आणि प्रस्तावपत्रे बहुधा विद्यार्थीच लिहितात किंवा लिहवून घेतात. त्या १०४ वर्षे जगल्या, म्हणून पदके त्यांना गाठू शकली. सर्वांनाच एवढे आयुष्य लाभत नाही. आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे काय? १८२८ साली कॅरोलाइन हर्शल यांना सुवर्णपदक दिल्यानंतर पुढच्या स्त्रीला, व्हेरा रुबिन यांना, ते मिळाले १९९६ साली. मध्ये १६८ वर्षे! एवढ्या वर्षांत योग्य स्त्री एकही नव्हती, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने म्हणावे.

बरे, समित्या चुकतात तेव्हा काय? हॅरोल्ड जेफ्रीज यांना लंडनचे सुवर्णपदक १९३७ साली आणि बोवी पदक १९५२ साली मिळाले. हेच जेफ्रीज खंडांच्या सरकण्याची कल्पना शेवटपर्यंत नाकारत राहिले, आणि ते १९८९ पर्यंत जगले. ती कल्पना मांडणारे वेगेनर १९३० सालीच ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले होते. म्हणजे चुकलेल्याला पदके आणि बरोबर असलेल्याला मरण, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा आहे. गाभा द्रव असल्याचे गणित १९२६ साली जेफ्रीज यांनीच मांडले. बुलेन यांच्याबरोबर त्यांनी केलेली लाटांच्या वेळांची कोष्टके १९४० साली निघाली आणि जगभरच्या ठाण्यांनी ती दशकानुदशके वापरली. पदक या कामाला शोभते. शास्त्रज्ञाला एका बाबतीत पदक मिळाले म्हणजे त्याचे सर्व म्हणणे खरे, असे आपण धरून चालतो, ती आपली चूक. समितीला त्यात ओढू नये.

वेगेनर यांची अडचण वेगळी होती. ते हवामानशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञांच्या दृष्टीने परके. दोन विषयांच्या कुंपणावर बसणाऱ्याला सुचवणारे कोणत्याच अंगणात सापडत नाहीत. कॅनडाचे लॉरेन्स मॉर्ले यांचेही असेच. सागरतळावरचे चुंबकीय पट्टे म्हणजे सागरतळ पसरत असल्याचा पुरावा, हा विचार त्यांनी १९६३ साली लिहून पाठवला. दोन नियतकालिकांनी तो परत केला. एका परीक्षकाच्या मते असल्या कल्पना मेजवानीतल्या गप्पांना ठीक. त्याच वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा तोच विचार छापून आला. १९८१ चे बाल्झन पारितोषिक मॅकेन्झी, मॅथ्यूज व व्हाइन यांना मिळाले. ज्याचा निबंधच छापला गेला नाही, त्याच्या प्रस्तावपत्राला यादी कोणती जोडणार?

अलीकडची एक गोष्ट. २०२१ साली याच अमेरिकन संस्थेत बर्फाच्छादित प्रदेशांच्या अभ्यासाच्या विभागातून मानाचे सभासद सुचवायचे होते. पाच जणांच्या समितीपुढे जी नावे आली ती सगळी गोऱ्या पुरुषांची. समितीने निवड करण्यास नकार दिला. यावर बरीच चर्चा झाली. मला समितीचे म्हणणे पटते. ज्या यादीत निम्मे शास्त्रज्ञ येऊच शकले नाहीत, तिच्यातून ‘सर्वांत श्रेष्ठ’ कसा काढणार? पण त्या यादीत ज्यांची नावे होती, त्यांचा काही अपराध नव्हता, आणि त्यांचे एक वर्ष गेले. हा अन्याय लहान असला तरी अन्यायच. म्हणून मला असे वाटते की समितीने नावांची वाट पाहत बसूच नये. दर वर्षी तिच्यातील दोघांवर एवढेच काम सोपवावे: कोणी सुचवले नाही असे योग्य कोण आहे, ते शोधून काढा. लहान संस्थांत, दूरच्या देशांत, वेधशाळांत पत्रे पाठवा.

वेधशाळा मी मुद्दाम म्हटले. रिचर्ड कॅरिंग्टन यांना लंडनचे सुवर्णपदक १८५९ साली मिळाले, ३,७३५ ताऱ्यांच्या सूचीबद्दल. त्याच वर्षी १ सप्टेंबरला त्यांनी सूर्यावरचा प्रखर उद्रेक पाहिला, आणि आज जग त्यांना त्यासाठीच ओळखते. त्या उद्रेकानंतर पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ झाले त्याची मौल्यवान नोंद कोठे आहे? मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत. चुंबकसूचीची वाचने तेव्हा माणूस डोळ्यांनी घेत असे. त्या वहीवरून १६०० नॅनोटेस्लांच्या आसपास घट दिसते. नेहमीच्या वादळात ती शंभर-दोनशे असते. २००३ साली आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर या नोंदी अभ्यासून प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांचे मोल जगाला कळले. भर वादळात यंत्राशी बसून आकडे उतरवणाऱ्याला कोणतेही पदक मिळाले नाही. कोणत्याच संस्थेच्या नियमांत त्याच्यासाठी रकानाच नव्हता. तो असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. दीर्घकाळ अचूक नोंदी ठेवणे हे भूभौतिकीत संशोधनाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी शाळेतून एक नाव पाठवायचे असते, तेव्हा आपणही निवड समितीच असतो, आणि पहिल्या बाकावरचा हात चटकन दिसतो. नाव पाठवण्यापूर्वी एक प्रयोग वर्गातच करून पाहा. पाच विद्यार्थ्यांची समिती नेमा. बाकीच्यांना गट करून प्रस्तावपत्रे लिहायला सांगा: एकाने लेमन यांच्यासाठी, एकाने मॉर्ले यांच्यासाठी, एकाने सिकदार यांच्यासाठी, एकाने कुलाब्याच्या त्या अनाम निरीक्षकासाठी. नियम तीनच. पत्र दोन पानांपेक्षा मोठे नको. केलेल्या कामाचा पुरावा कोठे आहे ते लिहिलेच पाहिजे. आणि पत्रात ‘महान’ हा शब्द एकदाही येता कामा नये. समितीला तीन-चतुर्थांश मते लागतील, म्हणजे पाचांपैकी चार. नाही जमली, तर पदक पेटीत.